पहिलं चित्र घेताना

मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टीज लिलावात मकबूल फिदा हुसेन यांचं 'ग्राम यात्रा' हे चित्र 1 कोटी 37 लाख 50 हजार डॉलरला, म्हणजे जवळपास 118 कोटी रुपयांना विकलं गेलं. आधुनिक भारतीय चित्राला लिलावात तोवर मिळालेली ही सर्वांत मोठी किंमत होती. आकड्याची चर्चा महिनाभर चालली. चित्राच्या प्रवासाकडे मात्र फार कुणी पाहिलं नाही. हे चित्र 1954 सालचं. त्याच साली ते लिऑन एलियास व्होलोदार्स्की या डॉक्टरांनी विकत घेतलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी ते दिल्लीत आले होते. हुसेन तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होते आणि त्यांच्या चित्राला असा भाव येईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. डॉक्टरांनी 1964 मध्ये ते ऑस्लोच्या रुग्णालयाला देऊन टाकलं. पुढची अनेक वर्षं ते तिथल्या भिंतीवर होतं. लिलावाचे पैसे नव्या डॉक्टरांच्या प्रशिक्षणासाठी जायचे ठरले. ज्या माणसाची नजर इतकी अचूक ठरली, त्याला स्वतःला यातून छदामही मिळाला नाही. त्याला मिळालं ते चित्र, आणि दहा वर्षं ते बघायला मिळालं.

अशी बातमी आली की एक प्रश्न हमखास विचारला जातो: 'आत्ता कुणाचं घेऊन ठेवावं?' नव्या संग्राहकानं या प्रश्नापासूनच लांब राहावं. 1954 साली भारतात विकल्या गेलेल्या बाकीच्या चित्रांपैकी बहुतेकांचं पुढे काय झालं याची बातमी कधी होत नाही. लॉटरी लागलेल्याचा फोटो छापून येतो, बाकीच्या तिकिटांचा नाही.

हा लेख आहे तो पगारातून किंवा पेन्शनीतून शिल्लक काढून घरात एखादं खरं चित्र लावू पाहणाऱ्यांसाठी. मराठी मध्यमवर्ग नाटकाला जातो, सवाई गंधर्वला हजेरी लावतो, पुस्तकांची कपाटं भरतो, दिवाळी अंकांचे संच घेतो. पण त्याच घरातल्या सोफ्यावरची भिंत पाहिली तर तिथे फर्निचरच्या दुकानातून आलेला छापील धबधबा. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: 'आम्हाला चित्रातलं काही कळत नाही.' गाण्यातलं सगळं कळतं म्हणून कुणी मैफलीला जात नाही, जाऊन जाऊन कान तयार होतो. चित्राच्या बाबतीत मात्र आपण कळण्याआधीच हार मानतो, आणि या न्यूनगंडावरच चित्रांच्या बाजारातली निम्मी फसवणूक चालते. ज्याला विचारायची लाज वाटते, त्यालाच काहीही विकता येतं.

आधी नुसतं बघा

मुंबईत काळा घोड्यावरची जहांगीर आर्ट गॅलरी 1952 मध्ये सुरू झाली. इथली दालनं चित्रकार भाड्यानं घेतात, बुकिंगसाठी कित्येक वर्षं थांबतात, आणि मग एक आठवडा त्यांचा असतो. मंगळवारी नवी प्रदर्शनं लागतात, सोमवारी उतरतात. प्रवेश फुकट. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी गेलात तर दालनात गर्दी नसते. कोपऱ्यातल्या टेबलाशी चित्रकार स्वतः बसलेला असतो. पुढ्यात अभिप्रायाची वही, कॅटलॉगची चळत आणि किंमतपत्रक. विकल्या गेलेल्या चित्राखाली लाल ठिपका. बहुतेक लोक भिंतीकडे बघत एक फेरी मारतात, वहीत 'अप्रतिम' लिहितात आणि निघतात. टेबलाशी थांबून किंमतपत्रक मागायला संकोचतात, जणू ते हातात घेतलं की घेणं बंधनकारक होईल. तसं काही नसतं. किंमतपत्रक मागणं, रंग कोणते वापरले ते विचारणं, हे चित्र कुठून सुरू झालं असा प्रश्न करणं, यातलं काहीच आगाऊपणाचं नाही. आठवडाभर 'अप्रतिम' वाचून कंटाळलेला चित्रकार अशा प्रश्नानं खुलतो.

तिथून चालत पाच मिनिटांच्या टप्प्यात नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. जहांगीरच्याच बाहेर फुटपाथवर चित्रं मांडून बसलेले कलावंत. पुण्यात बालगंधर्वचं कलादालन, कोल्हापुरात शाहू स्मारक आणि चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय. साताऱ्याजवळच्या औंधला तर एकदा जाऊन याच. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये उभारलेल्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्मा, धुरंधर आणि थेट हेन्री मूर यांचं शिल्प एका छपराखाली आहे. एका छोट्या संस्थानाच्या राजाची आवड कुठवर पोचली होती ते तिथं दिसतं. मुंबईतल्या लिलावसंस्था लिलावाआधी सगळी चित्रं लोकांना पाहायला ठेवतात. तिथं नुसतं पाहायला गेलं तरी चालतं. एरवी जन्मभर कुणाच्या तरी खासगी भिंतीवर राहणारं वासुदेव गायतोंडे यांचं चित्र हातभर अंतरावरून पाहण्याची संधी तेवढ्या दोन-चार दिवसांत मिळते.

बघताना वही ठेवा. चित्रकाराचं नाव, माध्यम, आकार, किंमत आणि चित्र का थांबवून गेलं याचं एक वाक्य. सहा महिन्यांनी वही उलगडली की आपली आवड आपल्यालाच कळते: आपण सारखे जलरंगांपाशी थांबतो, की रेघेच्या कामापाशी, की अमूर्तापाशी. जोडीला वाचन. सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेला 'शिल्पकार चरित्रकोशा'चा दृश्यकला खंड हाताशी असावा. महाराष्ट्रातल्या चित्रकारांची चरित्रं एकत्र मिळणारं इतकं उपयोगी पुस्तक दुसरं नाही. एखादं जुनं चित्र समोर आलं तर चित्रकार कुठं शिकला, कोणत्या काळात काय करत होता, हे विक्रेत्यानं सांगण्याआधी तुम्हाला ठाऊक असेल.

संग्रह कसे सुरू झाले

जहांगीर निकल्सन हे मुंबईचे कापसाचे व्यापारी. त्यांनी पहिलं चित्र घेतलं ते 1968 मध्ये, पन्नाशी उलटल्यावर. ते शरद वायकूळ यांचं होतं, कुणा गाजलेल्या नावाचं नव्हे. पुढे ते प्रदर्शनांना जात राहिले, चित्रकारांशी बोलत राहिले, लक्ष्मण श्रेष्ठांसारख्या काहींची चित्रं सातत्यानं घेत राहिले. 2001 मध्ये ते गेले तेव्हा संग्रह आठशेच्या वर गेला होता. आज तो छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे आणि 2011 पासून त्याचं स्वतंत्र दालन आहे. तिथं जाऊन बघावं, कारण एका माणसाची नजर तीस वर्षांत कशी तयार होत गेली ते त्या भिंतींवर वाचता येतं.

त्याआधीची गोष्ट 1947 च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपची. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे या सहा जणांची चित्रं तेव्हा मुंबईतल्या श्रीमंतांना नको होती. ती घेतली नाझींच्या तावडीतून निसटून मुंबईत आलेल्या काही युरोपीय मंडळींनी. औषधांच्या धंद्यातले इमॅन्युएल श्लेसिंजर त्यांतले एक. केकू गांधी यांची सुरुवात फ्रेमच्या धंद्यातून झाली. दुकानात या पोरांची चित्रं टांगता टांगता 1963 मध्ये गॅलरी केमोल्ड उभी राहिली. होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या भिंतींसाठी याच पिढीची चित्रं घेतली. या सगळ्यांनी आपल्या काळातल्या, आपल्याच शहरातल्या, हयात चित्रकारांचं काम घेतलं, आणि एकेकाचं अनेक वर्षं घेतलं. नवशिक्यानं या मंडळींकडून उचलायची गोष्ट असेल तर ती हीच. हयात चित्रकाराच्या चित्रात खोटेपणाची भीती जवळजवळ नसते, किंमत आवाक्यात असते आणि तुमचा पैसा थेट पुढच्या चित्राच्या कामी येतो.

थोडक्या पैशांत काय घ्यावं

मोठ्या कॅनव्हासच्या आधी कागद. रेखाटनं, छोटे जलरंग आणि मुद्राचित्रं म्हणजे प्रिंट. जे. जे. स्कूल ऑफ आर्टसारख्या महाविद्यालयांच्या वार्षिक प्रदर्शनांत, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनात चांगलं काम काही हजारांत मिळू शकतं. प्रिंटच्या बाबतीत मात्र एक फरक पक्का करून घ्या. एचिंग, लिथोग्राफ किंवा वुडकट हे चित्रकारानं स्वतः ठसा तयार करून, हातानं छापलेलं मूळ काम असतं. खालच्या कोऱ्या पट्टीत पेन्सिलीनं '12/25' असं लिहिलेलं दिसेल: एकूण 25 प्रतींतली ही बारावी. शेजारी सही. एचिंगवर हलकेच बोट फिरवलं तर पत्र्याच्या कडेनं कागद दबलेला जाणवतो. उलट, एखाद्या तैलचित्राचा फोटो काढून कॅनव्हासवर इंकजेटनं छापला आणि वर चित्रकारानं सही केली, तर ते शोभेचं पोस्टर. ते घेण्यात पाप नाही, पण मूळ चित्राच्या भावात घेऊ नये. भिंग लावून पाहिलं की यंत्राचे एकसारखे ठिपके दिसतात.

मराठी वाचकाला आणखी एक दार उघडं आहे, ते म्हणजे मासिकांची आणि पुस्तकांची मूळ चित्रं. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांच्या मुखपृष्ठांनी दोन पिढ्यांना रंग बघायला शिकवलं. दलालांनी तर 'दीपावली' हा अंकच काढला. आज प्रकाशनांसाठी काम करणाऱ्या चित्रकारांकडेही कथाचित्रं आणि मुखपृष्ठांचे मूळ कागद असतात, आणि ते विकत घेता येतात हे बहुतेक वाचकांच्या ध्यानातच येत नाही.

लोककलेचं शहाणपण वेगळं. वारली चित्र प्रत्येक प्रदर्शनात मिळतं, पण जिव्या सोमा मशे यांनी लग्नाच्या चौकापलीकडे जाऊन त्या रेघेला जी गती दिली, ती पाहिल्यावर कपांवर छापलेली वारली वेगळी पडते. चित्रामागे माणूस कोण, पाडा कोणता, हे विचारा आणि नाव लिहून घ्या. पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेतले परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. तिथं जाऊन नवं काम घेता येतं. जुनी चित्रकथी पानं कुणी विकायला आणली तर मात्र थांबा. त्याचं कारण पुढे येईल.

चित्राची पाठ

पैठणी घेताना आपण पदर उलटून मागची बाजू बघतो. चित्राचंही तेच करावं. कॅनव्हास ज्या लाकडी चौकटीवर ताणलेला असतो तिचं लाकूड, खिळ्यांचा गंज, जुन्या गॅलरीची लेबलं, प्रदर्शनाचा क्रमांक, मागे लिहिलेलं शीर्षक आणि साल. 1950 च्या चित्राच्या पाठीवर कालपरवाचे चकचकीत स्टेपल आणि पांढराशुभ्र कॅनव्हास असेल तर प्रश्न विचारायलाच हवा. चित्राला नवं अस्तर लावलेलं असू शकतं, पण मग त्याचा खुलासा कागदावर हवा.

पाठीनंतर कागद. हे चित्र चित्रकाराच्या हातातून तुमच्यापर्यंत कुणाकुणाकडून आलं याची साखळी मागा: मूळ बिल, गॅलरीचं पत्र, कॅटलॉगमधला छापील फोटो. नुसतं 'सर्टिफिकेट आहे' हे पुरेसं नाही. सर्टिफिकेट कुणी दिलं, त्याला ते द्यायचा अधिकार काय, हे बघा. जानेवारी 2009 मध्ये दिल्लीत सय्यद हैदर रझा आपल्याच चित्रांच्या प्रदर्शनाला गेले, भिंतीवरची चित्रं पाहिली आणि ती आपली नाहीत असं सांगितलं. प्रदर्शन गुंडाळावं लागलं. 2011 मध्ये कोलकात्याच्या सरकारी कला महाविद्यालयात रवींद्रनाथांच्या नावानं मांडलेली चित्रं चौकशीत बनावट निघाली. दालन प्रतिष्ठित होतं, लोक जाणते होते, तरी हे घडलं. म्हणून दिवंगत मोठ्या नावाचं चित्र 'घरगुती अडचणीमुळे' स्वस्तात विकायला आलं, तर तिथंच हात मागे घ्यावा.

रविवर्मा प्रेसच्या ओलिओग्राफचंही असंच. 1894 मध्ये सुरू झालेला हा छापखाना पुढे मळवलीला गेला, आणि तिथल्या लक्ष्मी-सरस्वतींनी महाराष्ट्राची देवघरं भरली. आज चहाच्या पाण्यानं पिवळे केलेले नवे छाप 'आजीच्या काळातले' म्हणून विकले जातात. भिंगाखाली खऱ्या ओलिओग्राफचे ठिपके हातानं काढल्यासारखे, अनियमित दिसतात. ऑफसेट छपाईचे ठिपके शिस्तीत बसलेले असतात.

भाव आणि गुंतवणूक

गॅलरीत किंमत बहुतेकदा चित्रकाराच्या अनुभवावर आणि आकारावर ठरते. गॅलरीचं कमिशन साधारण एक तृतीयांश ते निम्मं असतं. त्यामुळे गॅलरीत चित्र पाहून नंतर चित्रकाराच्या घरी जाऊन कमी भावात मागणं ही चलाखी त्या चित्रकाराच्याच मुळावर येते. घासाघीस करण्यापेक्षा हप्ते मागावेत. बरेच चित्रकार आणि गॅलऱ्या आनंदानं देतात. लिलावात बोली जिथं थांबते तिथं खर्च थांबत नाही. वर लिलावसंस्थेचा प्रीमियम आणि कर असतो. तो धरूनच आपली मर्यादा आधी कागदावर लिहावी आणि सभागृहात ती ओलांडू नये.

गुंतवणुकीबद्दल. गिरगावच्या चाळीत राहून जे. जे.त शिकलेल्या वासुदेव गायतोंडे यांचं एक चित्र सप्टेंबर 2025 मध्ये 67 कोटींच्या वर गेलं. गायतोंडे 2001 मध्येच गेले. ते वर्षाला मोजकीच चित्रं करत आणि हयातभर साधेपणानं राहिले. तो भाव त्यांच्या वाट्याला आला नाही, तसाच चित्र लवकर विकून टाकणाऱ्या पहिल्या मालकांच्याही आला नाही. 2006 मध्ये तेजीच्या भरात चित्रांवर आधारित फंड निघाला, शंभर कोटींच्या वर पैसे गोळा झाले. 2008 नंतर बाजार कोसळला, पैसे वेळेवर परत मिळेनात, आणि 2013 मध्ये सेबीला परताव्याचे आदेश द्यावे लागले. चित्र शेअरसारखं सकाळी विकता येत नाही. त्याला गिऱ्हाईक शोधावं लागतं, आणि ते मिळेल याची हमी कुणी देत नाही. विकून नफा झालाच तर चित्र ही भांडवली मालमत्ता धरली जाते. दोन वर्षांहून जास्त काळ ठेवलेल्या चित्रावर 23 जुलै 2024 पासून 12.5 टक्के दीर्घकालीन नफा कर आहे. खरेदीवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. बिलाशिवाय घेतलेल्या चित्राची मालकी आणि अस्सलता दोन्ही पुढे सिद्ध करता येत नाहीत. तेव्हा बिल घ्याच.

कायदा

शंभर वर्षांहून जुनी चित्रं आणि शिल्पं पुरावस्तू आणि कलानिधी कायदा, 1972 खाली येतात. ती बाळगताना नोंदणी लागते आणि देशाबाहेर नेता येत नाहीत. जुनी चित्रकथी पानं घेताना थांबायला सांगितलं ते यासाठी. रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस यांच्यासह नऊ कलावंतांचं काम राष्ट्रीय कलानिधी आहे. ते वयानं कितीही असो, परदेशी जाऊ शकत नाही. अमेरिकेतल्या मुलाला घरचा रविवर्मा भेट पाठवायचा विचार असेल तर तो सोडून द्या.

दुसरं म्हणजे कॉपीराइट. चित्र तुमचं झालं तरी त्याच्या छपाईचा हक्क चित्रकाराकडेच राहतो, त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं. लग्नपत्रिकेवर छापायचं तरी परवानगी घ्यावी. 10,000 रुपयांहून जास्त भावानं मूळ चित्र पुन्हा विकलं गेलं तर कलावंताला किंवा वारसांना कमाल 10 टक्क्यांपर्यंत हिस्सा मिळण्याची तरतूदही कायद्यात आहे. व्यवहारात ती क्वचित पाळली जाते. तुम्ही पाळलीत तर वाईट काहीच नाही.

पावसाळा

कोकणात आणि मुंबईत चित्राचा खरा शत्रू जून ते सप्टेंबर. कागदाला बुरशी धरते, कसर लागते, चौकटीत वाळवी शिरते. काचेला कागद टेकता कामा नये, मध्ये माउंट हवा. माउंट आणि मागचा पुठ्ठा ॲसिड-फ्री असावा. साध्या पुठ्ठ्यानं आणि सेलोटेपनं दहा-पंधरा वर्षांत कागदावर तपकिरी डाग पडतात, ते जात नाहीत. फ्रेमवाल्याला हे आधी सांगावं लागतं, नाहीतर तो नेहमीचा पुठ्ठा ठोकून मोकळा होतो. फ्रेमच्या मागे खाली बुचाचे दोन तुकडे चिकटवले की भिंत आणि चित्र यांत हवा खेळते. पावसाचा मारा खाणारी बाहेरची भिंत आणि न्हाणीघराची भिंत चित्रासाठी नको. जलरंगांवर थेट ऊन नको. काच पुसताना पाणी कापडावर मारा, काचेवर नाही. तैलचित्र ओल्या फडक्यानं पुसायचा मोह तर अजिबात नको. डाग पडला, रंग सुटला तर प्रशिक्षित संवर्धकालाच दाखवावं.

यादी

दिनकर केळकर यांचा चष्म्यांचा धंदा होता. अडकित्ते, दिवे, कुलपं गोळा करता करता वीस हजारांहून जास्त वस्तू जमल्या, आणि 1975 मध्ये त्यांनी तो सगळा संग्रह राज्य सरकारला दिला. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय ते हेच. सगळ्यांना संग्रहालय उभारायचं नसतं, पण वस्तू मागे राहतात. मुंबईत जुन्या चाळी पाडून टॉवर उठताना, पुण्यात वाडे मोकळे होताना, माळ्यावरच्या कागदांच्या गुंडाळ्या रद्दीत जातात. वारसांचं चुकतं असं म्हणता येत नाही. त्या कागदांवर काय आहे हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून पहिल्या चित्राच्या दिवशीच यादी सुरू करा. चित्रकाराचं नाव, शीर्षक, साल, माध्यम, आकार, कुठून आणि कितीला घेतलं, पुढून आणि पाठीमागून काढलेला फोटो, सोबत बिलाची प्रत. एक प्रत घरात, एक मुलांकडे. पुढच्या पिढीनं चित्र भिंतीवर ठेवावं, विकावं की एखाद्या संग्रहालयाला द्यावं, हा तिचा निर्णय. तो तिला डोळसपणे घेता येईल एवढी तजवीज संग्राहकानं करून ठेवायची, आणि त्यासाठी चित्र किती लाखांचं आहे याला काही महत्त्व नाही. तीन हजारांच्या एचिंगलाही ही यादी लागते.